बडीशेपेचे झाड पुरुषभर वाढते, तुरेही येतात, पण दाणे पोचटच राहतात : कारणे आणि उपाय

घरच्या बागेत बडीशेप लावणाऱ्यांची एक तक्रार दर उन्हाळ्यात जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. बी उगवते, रोप तजेलदार वाढते, पाच-साडेपाच फुटांपर्यंत उंच होते, पिवळ्या फुलांचे छत्रीसारखे तुरे येतात, आणि महिन्याभराने त्या तुऱ्यांवर दाण्यांऐवजी नखाने दाबताच चपटी होणारी करडी टरफले उरतात. पुण्यातील आमच्या गच्चीवर सलग तीन वर्षे हेच घडले. पहिल्या वर्षी माती कसदार नसावी असे वाटले, म्हणून दुसऱ्या वर्षी शेणखत आणि गांडूळखत दुप्पट केले. झाडे आणखी उंच झाली आणि दाणे आणखी कमी आले. तिसऱ्या वर्षी बियाणे बदलले, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या दोन फवारण्या केल्या आणि एप्रिलच्या मध्यावर पुन्हा तीच टरफले झटकून टाकली.

उलगडा झाला तो एका विसरलेल्या कुंडीमुळे. त्या तिसऱ्या उन्हाळ्यात एक झाड उपटण्याऐवजी जमिनीपासून चार बोटांवर कापले गेले आणि कुंडी जिन्याच्या छपराखाली सरकवून ठेवली गेली. पावसाळ्यात त्या खुंटातून नवे फुटवे आले, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मधला तुरा फुलला आणि मार्चच्या आरंभी त्यावर टपोरे, गोड, भरलेले दाणे होते. बियाणे तेच, कुंडी तीच, माती तर आदल्या वर्षीपेक्षा निकस झालेली. शेजारच्या कुंड्यांत दिवाळीनंतर नव्याने पेरलेल्या झाडांना मात्र त्या वेळी कळ्यादेखील नव्हत्या, आणि पुढे त्यांचे दाणे नेहमीप्रमाणे पोचट निघाले. या खोडव्याला, म्हणजे कापलेल्या खुंटातून पुन्हा वाढलेल्या झाडाला, जुन्या, खोल गेलेल्या मुळाचाही फायदा होता हे खरे आहे. म्हणून पुढील वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताजे बी पेरून पाहिले. त्या झाडांनाही फेब्रुवारीच्या आरंभी फुले आली आणि दाणे भरले. फरक मुख्यतः तारखेचा होता. एप्रिलमध्ये दिसणारा दोष नोव्हेंबरात पेरला जात होता.

पेरणीची तारीख

बडीशेप हे थंडीचे पीक आहे, पण ते शेपूसारखे झटपट पीक नाही, आणि येथे तिच्या नावानेच आपली थोडी फसगत केली आहे. 'बडी शेप' म्हटल्यावर ती शेपूचीच थोरली बहीण वाटते आणि शेपू जसा कधीही पेरून दीड महिन्यात काढता येतो तसाच हिचाही हिशेब असेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात बी पेरल्यापासून पहिला तुरा फुलायला साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात, आणि फूल उमलल्यापासून दाणा पूर्ण भरून पिकायला आणखी दीड-दोन महिने जातात. हा हिशेब उलटा मांडून पाहावा. पुण्यात जानेवारीत दुपारचे तापमान तिशीच्या आसपास आणि रात्रीचे अकरा-बारा अंशांपर्यंत असते, तर मार्चच्या मध्यानंतर दुपार पस्तिशी ओलांडते. दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत पडायला हवा असेल तर फुले जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हवीत, आणि त्यासाठी बी ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात जमिनीत असायला हवे. जुन्या भाषेत सांगायचे तर हस्ताचा पाऊस ओसरून चित्रा लागले आणि मातीला वाफसा आला, म्हणजे ती ओलसर पण मोकळी झाली, की पेरणी करावी. आपण मात्र घरची साफसफाई, फराळ आणि पाहुणे उरकून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुंड्यांकडे वळतो. तेव्हा पेरलेल्या बियांची फुले मार्चमध्ये येतात आणि त्यांचे दाणे एप्रिलच्या उन्हात भरण्याऐवजी भाजून निघतात.

विदर्भ आणि मराठवाड्यात उन्हाळा लवकर तापतो, त्यामुळे तेथे ही मर्यादा आणखी काटेकोर आहे. तेथील बागप्रेमींनी सप्टेंबरच्या अखेरीस कुंडीत, पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला, रोपे तयार करायला घेतलेली बरी. नाशिक-साताऱ्याच्या बाजूला थंडी थोडी लांबते, म्हणून तेथे ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतची पेरणी चालून जाते. मुंबई, कोकण आणि गोव्यात थंडीच मुळात सौम्य आणि हवा दमट असल्यामुळे दाण्यांचे उत्पन्न नेहमीच कमी येते. तेथे कोवळ्या पाल्यासाठी बडीशेप लावणे अधिक समाधानकारक ठरते, आणि दाणे आलेच तर तो लाभ समजावा.

गुजरातेत, जेथे बडीशेपेला वरियाळी म्हणतात, शेतकऱ्यांनी हा वेळेचा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या मार्गाने सोडवला आहे. तेथे पावसाळ्यात गादीवाफ्यावर रोपे करून ती दीड-दोन महिन्यांची झाल्यावर शेतात लावण्याची पद्धत आहे, आणि थेट पेरणीचे रब्बी पीक ऑक्टोबरपासून घेतले जाते. राजस्थानातही बडीशेप मोठ्या क्षेत्रावर होते. या दोन राज्यांच्या संशोधन केंद्रांनी विकसित केलेल्या वाणांमध्ये कालावधीचा फरक बराच आहे, आणि घरच्या बागेसाठी वाण निवडताना दाण्याच्या आकारापेक्षा या फरकाकडे पाहावे. गुजरातेतील जगुदण केंद्राचा 'गुजरात फेनेल-१' हा उंच, पसरट वाण तयार व्हायला दोनशे दिवसांच्या आसपास घेतो, तर राजस्थानातील जोबनेरचा 'आरएफ-१२५' हा तुलनेने बुटका आणि लवकर येणारा आहे. महाराष्ट्रातील तुटपुंज्या थंडीत दुसऱ्या प्रकारचा वाण मिळाला तर पेरणीला पंधरा दिवस उशीर झाला तरी सांभाळून घेता येते.

नखाची परीक्षा

तारीख चुकलेली नसताना दाणे पोचट राहिले असतील तर औषधाच्या बाटलीकडे हात जाण्यापूर्वी पाच मिनिटे तुऱ्याकडे नीट पाहणे आवश्यक आहे, कारण 'दाणे भरले नाहीत' या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांना मारक ठरू शकतात. प्रथम मधला, म्हणजे मुख्य दांड्याच्या टोकावरचा तुरा पाहावा. तो सर्वांत आधी फुलतो आणि सर्वांत मोठा असतो. फुले वाळून गळाली असतील आणि काड्या उघड्या पडल्या असतील तर दाणा धरलाच गेला नाही, म्हणजे संशय परागीभवनावर किंवा फुलांना लागलेल्या उष्णतेवर घ्यावा. दाणा धरला, हिरवा झाला, निम्म्या आकाराला आला आणि मग सुरकुतला असेल तर मुळांना पाणी किंवा जागा कमी पडली. दाण्यांना आणि काड्यांना हात लावल्यावर बोट चिकट होत असेल तर तो मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीचा प्रताप आहे. दाणे आणि त्यांचे देठ तपकिरी-काळे पडून पानांवरही तसेच डाग असतील तर दमट हवेत पसरलेला बुरशीजन्य करपा असण्याची शक्यता अधिक.

पाचवी शक्यताही आहे, आणि ती म्हणजे दोष काहीच नाही. बाजारात मिळणारी बारीक, हिरवीगार लखनवी बडीशेप मुद्दाम कोवळी असतानाच तोडून सावलीत वाळवलेली असते. घरच्या झाडावरचा दाणा पूर्ण पिकू दिला की तो पिवळसर-करडा होतो, जाड होतो आणि चवीला थोडा राठ लागतो. त्याला खराब समजून फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. दाणा नखाने मधोमध चिरावा. आत पांढरट, तेलकट गर असेल आणि सुगंध दरवळला तर दाणा भरलेला आहे, त्याचा रंग काहीही असो.

मूळ आणि कुंडी

तारखेनंतर सर्वांत जास्त झाडे वाया जातात ती उथळ कुंडीमुळे. बडीशेपेला गाजरासारखे सोटमूळ असते. ते खाली जाण्यासाठी धडपडते आणि आठ-नऊ इंच खोलीच्या कुंडीत तळाला टेकून गोल फिरू लागते. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण थंडीच्या दिवसांत एवढ्या मुळावरही झाड हिरवेगार राहते. परीक्षा होते ती दाणा भरताना, जेव्हा झाड पाच फुटांचे झालेले असते, दहा-बारा तुरे एकाच वेळी पाणी मागत असतात आणि दुपारी कुंडीच्या कडा तापलेल्या असतात. सकाळी पाणी घातलेले झाड दुपारी तीन वाजता मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा उभे राहते. मालकाला वाटते की झाड सावरले, पण दाण्याने मात्र त्या प्रत्येक दुपारची नोंद ठेवलेली असते.

म्हणून कुंडी किंवा ग्रो बॅग किमान पंधरा इंच खोल असावी आणि बारा इंच व्यासाच्या कुंडीत एकच झाड ठेवावे. जमिनीत लावताना दोन ओळींत दीड ते दोन फूट आणि दोन झाडांत साधारण एक फूट अंतर पुरते. बी मुठीने विस्कटून टाकण्याची सवय असल्यामुळे एका कुंडीत आठ-दहा रोपे दाटीने उभी राहतात आणि ती उपटायला मन धजत नाही. हा हळवेपणा महागात पडतो. रोपे बोटभर झाली की विरळणी करावी, आणि उपटलेली रोपे वाया जात नाहीत, कारण ती बारीक चिरून वरणात किंवा थालीपिठाच्या पिठात घातली तर उत्तम लागतात. पुनर्लागवड करायचीच असेल तर मुळाभोवतीची माती न सुटता, हुंडीसह, संध्याकाळच्या वेळी करावी. गुजरातेतील अनुभव पाहता दाण्याची बडीशेप पुनर्लागवड सोसते. मूळ उघडे पडून दुमडले गेले तरच झाड महिनाभर रुसून बसते, आणि आपल्याकडे वाया घालवायला तो महिना नसतो.

माती कोणतीही चालते, फक्त पाणी साचता कामा नये. काळ्या मातीत एक तृतीयांश वाळू किंवा विटांचा चुरा आणि तेवढेच कुजलेले शेणखत मिसळले तर निचरा चांगला होतो. निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेली उंच झाडे वाऱ्याने कलंडतात, म्हणून फूटभर उंचीपासूनच काठीचा आधार द्यावा. दांडा एकदा वाकला की त्यानंतर आधार देऊन फारसा उपयोग होत नाही.

जास्त खत हेही कारण

दुसऱ्या वर्षी आमच्या झाडांची उंची वाढून दाणे का घटले याचे उत्तर खतात होते. नत्र भरपूर मिळाले की झाड पानांच्या मागे लागते, फुलोरा लांबतो आणि लुसलुशीत शेंड्यांवर मावा तुटून पडतो. म्हणजे आधीच कमी असलेला वेळ आपण खत घालून आणखी कमी करतो. दर आठवड्याला जीवामृत, शेणाची स्लरी किंवा स्वयंपाकघरातील कचऱ्याचे द्रव खत देणाऱ्या बागांमध्ये हे नेहमी दिसते. पेरणीपूर्वी मातीत मिसळलेले शेणखत आणि रोप दीड महिन्याचे झाल्यावर एकदा मूठभर गांडूळखत एवढ्यावर कुंडीतील झाडाचे भागते. मधला दांडा वर सरकू लागला, म्हणजे डेंगळ्यासारखी गाठाळ कांडी दिसू लागली, की नत्रयुक्त खत पूर्ण थांबवावे. लाकडाची चाळलेली राख चमचाभर दिली तर पालाश मिळते, पण राखही मुठीने देऊ नये, कारण तिने माती अल्कधर्मी होते.

ऊन हा विषय येथेच उरकतो. दिवसाला सहा तास थेट ऊन नसेल तर दाण्यांची अपेक्षा सोडून पाल्यासाठीच झाड ठेवावे.

फुलांवर कोण येते

बडीशेपेच्या एका तुऱ्यात पंधरा-वीस लहान तुरे आणि प्रत्येकात तितकीच बारीक फुले असतात. या प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकून पराग सांडतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर काही दिवसांनी ग्रहणक्षम होतो. याचा अर्थ असा की फुलाला स्वतःचा पराग वेळेवर मिळत नाही, तो दुसऱ्या फुलातून कोणीतरी आणून द्यावा लागतो. गच्चीवर बडीशेपेचे एकच झाड असेल तर सर्वांत आधी फुललेला मधला तुरा तयार होतो तेव्हा पराग देणारे दुसरे फूल जवळपास नसण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच एकट्या झाडाचा सर्वांत मोठा तुरा अनेकदा सर्वांत निराशा करतो. किमान तीन झाडे, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरलेली, एकमेकांजवळ ठेवली तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

हे दळणवळण मधमाश्या आणि निरनिराळ्या माश्या करतात. बडीशेपेच्या उघड्या, उथळ फुलांवर फुलोरी आणि सातेरी मधमाश्या सहज येतात आणि सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान त्यांची वर्दळ सर्वाधिक असते. एका सकाळी पंधरा मिनिटे तुऱ्याजवळ उभे राहून पाहावे. एकही माशी फिरकली नाही तर कारण शोधावे. बहुतेक वेळा कारण आपणच असतो, कारण उन्हापासून आणि कीटकांपासून बचाव म्हणून गच्चीला चारही बाजूंनी लावलेली बारीक जाळी मधमाशीलाही तितकीच बंद असते. कबुतरे अडवण्यासाठी लावलेल्या मोठ्या छिद्रांच्या जाळीतून मधमाश्या ये-जा करू शकतात, डासांच्या जाळीतून नाही. जाळी काढणे शक्य नसेल तर रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश किंवा सरळ हाताचा तळवा एका झाडाच्या ताज्या फुललेल्या तुऱ्यावरून दुसऱ्या झाडाच्या जुन्या तुऱ्यावर आणि उलटही, रोज सकाळी आठवडाभर हलकेच फिरवावा. काम कंटाळवाणे आहे, पण दोन-तीन झाडांपुरते जमते.

पिवळे चिकट सापळे फुलोऱ्याच्या काळात काढून ठेवावेत असे माझे स्पष्ट मत आहे. पिवळ्या फुलांच्या शेजारी पिवळा सापळा लावला तर त्यावर माव्याइतकेच उपयोगी पाहुणेही अडकतात.

मावा आणि चिकटा

जानेवारीत चार दिवस ढगाळ हवा राहिली की पाचव्या दिवशी तुऱ्यांच्या काड्यांवर मावा दिसतो. तो कोवळ्या काड्यांतून आणि भरत्या दाण्यांतून रस शोषतो, अंगातून गोड चिकट स्राव टाकतो, त्या स्रावावर काळी बुरशी वाढते आणि तुरा काजळी धरल्यासारखा दिसतो. दाणे सुकतात ते रस गेल्यामुळे, काजळीमुळे नाही, त्यामुळे बुरशीनाशक फवारून काही साधत नाही. कुंडीवरून मुंग्यांची रांग वर चढत असेल तर मावा आहे असे न पाहताही समजावे, कारण गोड स्रावासाठी मुंग्या माव्याची राखण करतात. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवलेल्या विटेवर चढवली की ही राखण मोडते आणि ढालकिडे, म्हणजे लाल-काळे ठिपकेदार भुंगेरे, आणि त्यांच्या अळ्या आपले काम करू लागतात. या अळ्या मगरीच्या पिल्लासारख्या दिसतात आणि त्यांना कीड समजून मारले जाते, हे टाळावे.

मावा एक-दोन तुऱ्यांवरच असेल तर ते तुरे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावेत किंवा कापून टाकावेत. त्याहून जास्त पसरला असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे सौम्य साबणाचे पाणी एकजीव करून, मधमाश्या परतल्यानंतर संध्याकाळी फवारावे आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा फवारावे. आंतरप्रवाही रासायनिक कीटकनाशके येथे मुळीच वापरू नयेत. बडीशेप आपण जेवणानंतर न धुता, न शिजवता चावून खातो, लहान मुलांच्या हातावर ठेवतो, आणि झाडाच्या रसात मिसळलेले औषध दाण्यातही उतरते. फुलोऱ्यात दिलेले असे औषध मधमाश्यांनाही बाधते आणि मग दाणे न धरण्याचे आणखी एक कारण आपणच निर्माण करतो.

भुरी (पानांवर पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) आणि करपा यांच्याबाबत एवढेच सांगता येईल की झाडांत हवा खेळती ठेवावी, पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे, पानांवर व तुऱ्यांवर शिंपडू नये आणि डाग पडलेली खालची पाने लगेच काढून टाकावीत. वाळवून ठेवलेल्या दाण्यांना पुढे बारीक गोल भोके दिसली तर दाण्याच्या आत वाढणारी कीड त्यातून बाहेर पडलेली असते. तसे दाणे बियाणे म्हणून ठेवू नयेत.

बी उगवतच नसेल तर

वेळेवर पेरूनही उगवण न होणे ही वेगळी तक्रार आहे, पण तिच्यामुळेही तारीख पुढे जाते म्हणून तिचा उल्लेख आवश्यक आहे. किराणा दुकानातील बडीशेप पेरणाऱ्यांची निराशा बहुधा तीन कारणांनी होते : कोवळी तोडलेली लखनवी बडीशेप पूर्ण पिकलेली नसल्यामुळे उगवणीला कच्ची असते, मुखवासाची बडीशेप भाजलेली असते, आणि मसाल्याची बडीशेप किती जुनी आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. दोन-तीन वर्षांनंतर या बियांची उगवणक्षमता झपाट्याने घटते. म्हणून सप्टेंबरमध्येच वीस दाणे ओल्या कापडात गुंडाळून पाहावेत. बारा दिवसांत चौदा-पंधरा दाण्यांना मोड आले तर बियाणे वापरण्याजोगे आहे, पाच-सहांनाच आले तर दुसरे आणावे. पेरण्यापूर्वी बी रात्रभर पाण्यात भिजवावे, एक सेंटिमीटरपेक्षा खोल टोकू नये आणि उगवेपर्यंत माती ओलसर ठेवावी. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात माती फार तापत असेल तर कुंडीवर पहिले काही दिवस ओले गोणपाट टाकावे आणि पहिला कोंब दिसताच ते काढावे, कारण एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबट आणि लेचीपेची होऊन कोलमडतात. उगवलेली रोपे बडीशेपेची की शेपूची अशी शंका आली तर पान चुरगळून वास घ्यावा. बियांतील फरक तर डोळ्यांनाही दिसतो, कारण शेपूचे बी चपटे आणि फिकट कडेचे असते, तर बडीशेपेचे जाड आणि उठावदार रेघांचे असते.

अलीकडे गड्ड्याची बडीशेपही काहीजण लावतात. इटलीत जिला फिनोक्यो म्हणतात ती ही भाजी. तिचा गड्डा म्हणजे प्रत्यक्षात एकमेकांना बिलगून फुगलेले पानांचे बुडखे असतात. तिची तक्रार नेमकी उलटी असते : गड्डा धरण्याआधीच तिला दांडा येतो. युरोपात याचे मोठे कारण उन्हाळ्यातील लांब दिवस हे असते, म्हणून तिकडच्या पुस्तकांतील पेरणीच्या तारखा आपल्याला निरुपयोगी आहेत. आपल्याकडे दिवस उन्हाळ्यातही सव्वातेरा तासांच्या पलीकडे फारसा जात नाही. येथे दोष असतो तो उष्णतेचा, एखाद्या वेळी कोरड्या पडलेल्या मातीचा आणि मूळ दुखावणाऱ्या पुनर्लागवडीचा. ही जात ऑक्टोबरच्या अखेरीस ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जागेवरच पेरावी, माती एक दिवसही वाळू देऊ नये, बुडखा अंड्याएवढा झाला की मातीची भर द्यावी आणि मुठीएवढा होताच काढावा.

काढणी आणि खोडवा

बडीशेपेचे सर्व तुरे एकदम तयार होत नाहीत. मधला तुरा पिकतो तेव्हा बाजूचे हिरवे असतात आणि खालच्या फांद्यांवर फुले असतात. संपूर्ण झाड एकदाच कापण्याच्या घाईत निम्मे दाणे कच्चे हाती येतात, आणि सर्व पिकण्याची वाट पाहिली तर मधल्या तुऱ्याचे सर्वांत चांगले दाणे गळून जातात. त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा तुरे कापावेत. मुखवासासाठी दाणा पूर्ण आकाराच्या निम्म्यावर आणि गर्द हिरवा असताना तोडून सावलीतच वाळवावा, कारण उन्हात त्याचा रंग आणि सुगंध दोन्ही उडतात. मसाल्यासाठी दाणा हिरवट-पिवळा होऊ द्यावा. पुढच्या ऑक्टोबरचे बियाणे मात्र मधल्या तुऱ्यावर पूर्ण पिकू देऊन, तुऱ्याला मलमलीची पिशवी बांधून धरावे.

ज्यांच्याकडे आज पोचट तुऱ्यांचे झाड उभे आहे त्यांनी त्यावर कोणतीही फवारणी करू नये, कारण सुकलेला दाणा पुन्हा भरत नाही. झाड जमिनीपासून चार बोटे ठेवून कापावे, कुंडी दुपारच्या सावलीत हलवावी आणि माती जेमतेम ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली किंवा पागोळीपासून दूर ठेवावी, कारण खुंट उन्हाने सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्याने मात्र आठवड्यात कुजतो. सप्टेंबरमध्ये वरची दोन इंच माती बदलून त्यात शेणखत मिसळावे, आलेल्या फुटव्यांपैकी जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे खुडावेत, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या कुंडीत टोकण्यासाठी नवे बी तपासायला घ्यावे.